खरखरीशी झुंजलेला माणूस

नोव्हेंबर १९३५ मधली एक संध्याकाळ. न्यूयॉर्क शहरात रेडिओ अभियंत्यांची सभा भरली होती. व्याख्याता होता एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. पंचेचाळिशीला टेकलेला, मूळचा त्याच शहरातला, कोलंबिया विद्यापीठातला नामांकित संशोधक. आपला निबंध वाचून झाल्यावर त्याने समोर ठेवलेला एक रेडिओ संच सुरू केला. आधी मोठा खळखळाट झाला आणि मग एकदम शांतता पसरली. संच बंद पडला की काय, असे वाटावे इतकी. आणि त्या शांततेतून पंचवीसेक किलोमीटरवरच्या यॉन्कर्स गावातून, त्याच्या एका मित्राच्या घरातून, आवाज येऊ लागला. तिथे कोणी पेल्यात पाणी ओतले, तर ते ओतल्याचे ऐकू आले. कागद चुरगळला, फाडला, तर कागदच फाटल्याचे कळले. घंटेवर टोला पडला आणि त्याचा नाद विरत विरत शेवटच्या कंपापर्यंत कानांना पोचला.

पाणी ओतल्याचा आवाज, यात एवढे काय, असे आज कुणालाही वाटेल. पण त्या सभागृहात बसलेल्या जाणत्या माणसांना आपण काय ऐकले हे ठाऊक होते. तोवरच्या रेडिओवर पेल्यातले पाणी आणि तव्यावरचे तडतडणारे तेल यांत फरक कळत नसे. कारण सगळ्यावर खरखरीचा एक जाड थर पसरलेला असे.

आजची आपली मुले कानात बोंडे घालून गाणी ऐकतात. आकड्यांत साठवलेले संगीत, खिशात मावणारा संच आणि मागे खरखर नाही. ही शांतता कुणीतरी मिळवून दिलेली आहे. ती मिळवण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले आणि शेवटी ते गमावले, त्या आर्मस्ट्राँगची ही कहाणी.

मृगाची वीज आणि परभणीचे केंद्र

मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले २३ जुलै १९२७ रोजी. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि केजसारख्या गावात रेडिओ ही चैनीचीही वस्तू नव्हती, दंतकथाच होती. पुढे ट्रान्झिस्टर आले, परभणीला आकाशवाणीचे केंद्र झाले आणि चावडीपासून गोठ्यापर्यंत आवाज पोचला. पण कसा? मध्यम लहरींवरून. बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी केजला होतो. त्या काळी संध्याकाळी भीमसेनजींचा अभंग ऐन रंगात यावा आणि मृगाच्या ढगात वीज चमकावी, की त्यांच्या तानेचा लचका तोडल्यासारखा कडाड आवाज यायचा. वीज नसली तर शेजारच्या विहिरीवर कुणी मोटारीचा स्टार्टर ओढायचा. तेही नसले तर ट्यूबलाइटचा चोक होताच. घरोघरी मर्फी, बुश, फिलिप्सचे संच वेगवेगळे होते, खरखर मात्र एकच होती. रेडिओ म्हटला की ती असायचीच, अशी सर्वांनी मनाची समजूत घातलेली.

समजूत फक्त आपणच घातली होती असे नाही. अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या नामवंत गणितज्ञांनीही घातली होती. आर्मस्ट्राँगने ती घालून घेतली नाही, एवढाच फरक.

माळ्यावरचा मुलगा

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा. वडील ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाच्या अमेरिकेतल्या शाखेत अधिकारी, आई शिक्षिका. घर सुखवस्तू, पुस्तकांचे. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला एक आजार जडला, त्यात हातपाय आपोआप झटके देतात. दोन वर्षे शाळा सुटली. आजार गेला, पण खांद्याचा आणि मानेचा एक झटका आयुष्यभर सोबत राहिला. मन तापले की तो वाढायचा. लोकांत मिसळण्यापेक्षा एकटे बसून खटपट करण्याची सवय त्याला तेव्हापासून लागली असावी.

कुटुंब यॉन्कर्सला हडसन नदीकाठी राहायला गेले. त्या घराच्या माळ्यावर त्याची तारांची, भिंगांची, बॅटऱ्यांची दुनिया उभी राहिली. मार्कोनीने समुद्रापार बिनतारी संदेश पाठवल्याच्या गोष्टी वाचून त्याने ठरवून टाकले की आपण शोधकच व्हायचे. अंगणात त्याने सव्वाशे फूट उंचीचा खांब उभारला आणि दोराला बांधलेल्या फळीवर बसून तो स्वतः वर चढायचा. उंचीचे हे वेड त्याला शेवटपर्यंत होते.

१९०९ मध्ये तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. वडिलांनी त्याला लाल रंगाची मोटारसायकल घेऊन दिली होती. तिच्या कंपनीचे नाव, योगायोग पाहा, ‘इंडियन’. या मोटारसायकलवरून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याने १९१२ मध्ये, पदवी हाती पडण्याआधीच, पहिला मोठा शोध लावला. ली डी फॉरेस्ट नावाच्या संशोधकाने एक काचेची नळी तयार केली होती. ती काम का करते हे त्यालाही नीट उमगले नव्हते. आर्मस्ट्राँगने तिचा अभ्यास केला आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा काही भाग पुन्हा तिच्यातच सोडला. पाळणा परत आला की नेमक्या क्षणी त्याला पुन्हा हलका धक्का द्यावा आणि झोका वाढत जावा, तसे झाले. जे संदेश कानाला लावलेल्या यंत्रात मुश्किलीने ऐकू येत, ते खोलीभर घुमू लागले.

पेटंटसाठी दीडशे डॉलर लागणार होते. वडील म्हणाले, आधी पदवी. तेव्हा मामाच्या सल्ल्याने त्याने यंत्राची आकृती काढून नोटरीकडून शिक्का मारून घेतला. खर्च पाव डॉलर. तारीख होती ३१ जानेवारी १९१३. माझे आयुष्य कागदपत्रे तपासण्यात गेले. त्यामुळे सांगतो, पाव डॉलरचा तो शिक्का पुढे त्याच्या जन्माच्या कामाला आला, पण पेटंटचा अर्ज मात्र ऑक्टोबरात गेला. मधले ते नऊ महिने त्याला फार महाग पडले.

बरोबर एक वर्षाने, ३० आणि ३१ जानेवारी १९१४ च्या थंड रात्री, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या एका केंद्रात त्याने आपला संच मार्कोनी कंपनीच्या एका तरुण अधिकाऱ्याला दाखवला. दोघांनी पहाटेपर्यंत कान लावून दूरदूरच्या देशांचे संदेश ऐकले. त्या तरुणाचे नाव डेव्हिड सार्नॉफ. रशियातून लहानपणी आलेला, गरिबीतून वर चढलेला, हिकमती माणूस. त्या रात्री दोघांची मैत्री झाली. एक यंत्राचा माणूस, दुसरा बाजाराचा.

कीर्ती, पैसा आणि मनोरा

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग सैन्यात गेला. १९१८ मध्ये पॅरिसला असताना त्याने दुसरा मोठा शोध लावला. कुठल्याही केंद्राची लहर आली, तरी ती संचाच्या आत एका ठरावीक लहरीत बदलून घ्यायची आणि मग तिच्यावरच सगळे संस्कार करायचे. निरनिराळ्या गावांची नाणी आधी एकाच चलनात बदलून घेतली की हिशेब सोपा होतो, तसे हे. ‘सुपरहेटरोडाइन’ असे त्याचे बोजड नाव. आपल्या आजोबांच्या फळीवरचा व्हॉल्व्हचा रेडिओ असो की वडिलांच्या खिशातला ट्रान्झिस्टर, आत पद्धत हीच.

युद्धानंतर तो मेजर आर्मस्ट्राँग म्हणून परतला. सार्नॉफ आता आरसीए या बलाढ्य रेडिओ कंपनीत वर चढत होता. १९२२ मध्ये कंपनीने आर्मस्ट्राँगचा आणखी एक शोध दोन लाख डॉलर आणि साठ हजार शेअर देऊन विकत घेतला. पुढे तर तो त्या कंपनीचा सर्वांत मोठा वैयक्तिक भागधारक झाला. विद्यापीठात पगार न घेता संशोधन करण्याइतकी त्याची ऐपत झाली.

सार्नॉफच्या कचेरीतली सचिव मॅरियन मॅकिनिस त्याला आवडली. तिच्यावर छाप पाडायची, म्हणून असेल किंवा स्वभावच तसा म्हणून असेल, मे १९२३ मध्ये तो आरसीएच्या उंच इमारतीवरल्या मनोऱ्याच्या टोकावर चढला आणि तिथल्या गोलावर उभा राहिला. सार्नॉफ संतापला. मॅरियनने मात्र त्याच वर्षी १ डिसेंबरला त्याच्याशी लग्न केले. लग्नाची भेट म्हणून त्याने तिला आपल्या शोधावर बनवलेला, हातात धरून नेता येईल असा रेडिओ दिला. समुद्रकाठच्या वाळूत तो संच मध्ये ठेवून दोघे बसल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. संच चांगला मोठा आहे आणि दोघे आनंदात दिसतात.

याच सुमारास डी फॉरेस्टशी त्याचा खटला चालू होता. पहिल्या शोधाचा मान कुणाचा, हा वाद. एका टप्प्यावर आर्मस्ट्राँग जिंकला होता. न्यायालयाने त्याला खर्चाची रक्कम देवविली होती. डी फॉरेस्टकडे पैसा नव्हता. ती रक्कम सोडून दिली असती, तर अंतिम निकालावर शिक्का बसून प्रकरण तिथेच मिटले असते. वकिलांनी, स्नेह्यांनी समजावले. तो ऐकेना. न्याय म्हणजे पूर्ण न्याय, असे त्याचे म्हणणे. प्रकरण उघडे राहिले, फिरले आणि १९२८ व १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने कौल दिला. यंत्र काय आहे हे न्यायमूर्तींना उमगलेच नाही, असे बहुतेक अभियंत्यांचे मत होते. आर्मस्ट्राँगने संस्थेने दिलेले सुवर्णपदक परत करायला पुढे केले. संस्थेने ते घेतले नाही. उलट सन्मान कायम असल्याचे जाहीर केले आणि सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. बिरादरीने न्याय दिला, कागदाने दिला नाही.

भाता आणि पट्टी

आता मूळ गोष्टीकडे येऊ. खरखर घालवायची कशी?

आपल्या घरातली पेटी, म्हणजे हार्मोनियम, डोळ्यांसमोर आणा. समजा, दूरच्या माणसाला निरोप पाठवायचा आहे आणि भात्याचा जोर कमीजास्त करून तो पाठवायचा असे ठरले. सूर एकच, पण कधी मोठा, कधी लहान. जुनी मध्यम लहरींची नभोवाणी अशीच चालते. लहरीची उंची आवाजाप्रमाणे वरखाली होते. पण वीज कडाडली, मोटार सुरू झाली, की तीही लहरीची उंचीच बदलते. भात्याला कुणी बाहेरून धक्का दिल्यासारखे होते. निरोप कुठला आणि धक्का कुठला, हे ऐकणाऱ्याला कळायचे कसे?

आर्मस्ट्राँगने ठरवले की निरोप भात्यातून पाठवायचाच नाही, पट्ट्यांतून पाठवायचा. लहरीची उंची कायम ठेवायची, तिच्या कंपनांची संख्या बदलायची. भात्याला कितीही धक्के बसले, तरी सा वाजला की रे वाजला हे कळतेच. यालाच एफएम म्हणतात.

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. पण इतरांनी ती चुकीच्या दिशेने नेली होती. खरखर कमी करायची, तर दार शक्य तितके अरुंद करा, कमी वारा येईल, असा सर्वांचा समज. म्हणून पट्ट्यांतला फरकही त्यांनी अगदी बारीक ठेवला. १९२२ मध्ये जॉन कार्सन या गणितज्ञाने दाखवून दिले की असे केल्याने काहीच लाभ होत नाही. गणित बरोबर होते. लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की विषय संपला. आर्मस्ट्राँगने उलट केले. त्याने दार सताड उघडले. शेजारशेजारच्या श्रुती न वापरता दूरदूरच्या पट्ट्या वापरल्या, तर धक्क्यांतसुद्धा गोंधळ होणार नाही. मध्यम लहरींवरच्या केंद्राला दहा हजार कंपनांची जागा पुरते, तर त्याने दोन लाखांची घेतली.

आणि संचात त्याने आणखी एक युक्ती ठेवली. मोंढ्यात धान्य मोजताना पायलीवर शीग चढते, तिच्यावरून काठी फिरवली की माप सपाट होते. तसे, आलेल्या लहरीच्या डोक्यावरून काठी फिरवायची. वीज, मोटार, चोक यांनी घातलेली सगळी भर त्या शिगेत असते. ती उडाली. निरोप मात्र पट्ट्यांत असल्याने तो शाबूत राहिला.

हे सुचायला त्याला किती काळ लागला? १९१४ च्या सुमारास त्याने खरखरीचा पाठलाग सुरू केला आणि पेटंट मिळाली २६ डिसेंबर १९३३ रोजी. मधली किती तरी वर्षे चुकीच्या वाटा तुडवण्यात गेली. पण तेवढ्या काळात खरखर नेमकी कुठे दडून बसते, हे त्याला कळले. ते कळल्यावर तिला बाहेर ठेवणे जमले.

मित्राची पाठ

सार्नॉफला खरखर घालवणारी एखादी छोटीशी पेटी हवी होती. जुन्या संचाला जोडली की काम झाले. आर्मस्ट्राँगने त्याच्यासमोर नवीच नभोवाणी आणून ठेवली. नवे प्रक्षेपक, नवे संच, नवी केंद्रे. आरसीएने तर जुन्या पद्धतीत अफाट भांडवल गुंतवलेले आणि सार्नॉफचे लक्ष आता दूरचित्रवाणीकडे. १९३४ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीच्या ८५ व्या मजल्यावरून चाचण्या झाल्या. ऐन वादळातही आवाज स्वच्छ आला. तरी १९३५ मध्ये दूरचित्रवाणीसाठी जागा हवी म्हणून त्याला आपली यंत्रे हलवायला सांगितले. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली सभा त्यानंतरची. मित्राने दार लावले, म्हणून तो जगासमोर गेला.

मग त्याने स्वतःच्या पैशाने हडसनपलीकडच्या अल्पाइन गावी ४२५ फुटांचा मनोरा उभारला. तीन लाखांवर डॉलर खर्च झाले. १९३९ मध्ये तिथून नियमित प्रक्षेपण सुरू झाले. ज्यांनी ऐकले, ते पुन्हा जुन्या आवाजाकडे वळले नाहीत. छोट्या कंपन्या त्याला मानधन देऊन संच बनवू लागल्या. १९४० मध्ये आरसीएनेही दहा लाख डॉलर एकरकमी देऊ केले. मात्र दरसंचामागचे मानधन द्यायला नकार दिला. आर्मस्ट्राँगने ते पैसे नाकारले. छोटे कारखानदार इमानाने हिस्सा देत असताना सर्वांत मोठ्याला सूट कशी द्यायची?

महायुद्ध आले. त्याने आपली पेटंट सैन्याला विनामूल्य वापरू दिली. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, सरकारी आयोगाने एफएमला दिलेली लहरींची जागाच बदलली. लोकांनी विकत घेतलेले लाखो संच एका हुकमासरशी निकामी झाले. आणि दूरचित्रवाणीचा आवाज मात्र एफएमवरच पाठवायचा, असे आधीच ठरलेले होते. म्हणजे आरसीएच्या प्रत्येक टीव्हीत आर्मस्ट्राँगची युक्ती होती आणि त्याला त्याचा एक पैसा मिळत नव्हता.

याचा अनुभव आपणही घेतला आहे. अंबाजोगाईच्या मनोऱ्यावरून दूरदर्शन दिसू लागल्यावर रविवारची मालिका पाहायला घरात निम्मी आळी जमायची. रस्त्यावरून एखादी मोटारसायकल गेली की पडद्यावर मुंग्या नाचायच्या. मुले ओरडायची, कुणीतरी अँटेना फिरवायला माडीवर धावायचे. पण त्या गोंधळात संवाद बहुधा स्वच्छ ऐकू यायचे. चित्र जुन्या पद्धतीने येत होते आणि आवाज एफएमने. बसल्या जागी दोन्ही पद्धतींची तुलना होत होती, आपल्याला कल्पना नव्हती इतकेच.

शेवटची ३१ जानेवारी

जुलै १९४८ मध्ये आर्मस्ट्राँगने आरसीएवर दावा लावला. समोर वकिलांची फौज. सुनावणीपूर्वीच्या जबान्यांतच एक अख्खे वर्ष त्याची उलटतपासणी चालली. कंपनीला घाई नव्हती. १९५० मध्ये त्याच्या मूळ पेटंटची मुदत संपली, मानधन आटले, खटल्याचा खर्च वाढत गेला. घर कचेरीसारखे झाले, जिकडेतिकडे कागद. ज्याने जगाच्या रेडिओतून खरखर घालवली, त्याच्या घरात आता दुसरे काही ऐकूच येत नव्हते.

मॅरियनला वाटत होते की तडजोड करावी, उरलेले दिवस शांतपणे जगावे. १९५३ च्या नोव्हेंबरात, सणाच्या दिवशी, याच विषयावरून भांडण झाले. रागाच्या भरात त्याने शेकोटीची सळई तिच्या दंडावर मारली. तीस वर्षांच्या संसारात असे घडावे, याला समर्थन नाही. ती घर सोडून बहिणीकडे गेली. त्यांना मूलबाळ नव्हते. तो एकटा राहिला.

३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने पत्नीला पत्र लिहिले. तिला दुखावल्याचा पश्चात्ताप त्यात आहे. मग कोट, टोपी, हातमोजे असा नीट पोशाख करून, तेराव्या मजल्यावरच्या त्या घरातून त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. नोटरीचा शिक्का मारल्याला त्या दिवशी एक्केचाळीस वर्षे पूर्ण झाली होती आणि सार्नॉफबरोबर जागवलेल्या रात्रीला चाळीस. त्याचे वय त्रेसष्ट.

त्याच वर्षी डिसेंबरात आरसीएने मॅरियनशी तडजोड केली. रक्कम दहा लाख पन्नास हजार डॉलर. चौदा वर्षांपूर्वी नाकारलेली रक्कम, वर पन्नास हजार. कोणताही बँकवाला हा हिशेब पाहून मान हलवील. व्याजसुद्धा सुटले नाही. मीही अनेक वर्षे कर्जदारांना हेच सांगत आलो की मोडता येईल तिथे भांडण मोडा, वकिलाची फी हे न फिटणारे कर्ज असते. डी फॉरेस्टच्या वेळी खर्चाची किरकोळ रक्कम त्याने सोडायला हवी होती, यात मला शंका नाही. तिथे प्रश्न फक्त अहंकाराचा होता. पण १९४० च्या नकाराला मी तसे म्हणू शकत नाही. तिथे छोट्या माणसांचा प्रश्न होता. एकाच हट्टाची ही दोन रूपे होती आणि त्याला त्यांतला फरक करता आला नाही. खरखर आणि सूर वेगळे करणारे यंत्र त्याने जगाला दिले, स्वतःच्या मनासाठी त्याला ते सापडले नाही.

मॅरियनने मात्र ते सापडवले, असे म्हणावे लागेल. जी बाई तडजोड करा म्हणून विनवत होती, तिने आरसीएशी तडजोड केली आणि उरलेल्या कंपन्यांविरुद्धचे दावे तेरा वर्षे चिकाटीने चालवले. १९६७ मध्ये मोटोरोला कंपनीविरुद्धचा शेवटचा दावाही तिच्या बाजूने संपला. एफएम आर्मस्ट्राँगचेच, हे कायद्याने मान्य झाले. कुठे सोडायचे आणि कुठे धरायचे, हे तिला कळत होते.

आपल्या घरातली खरखर

भारतात एफएम आले २३ जुलै १९७७ रोजी, मद्रासला. पुढे बीडलाही आकाशवाणीचे एफएम केंद्र झाले. दरम्यान, ध्वनीने आणखी एक पाऊल टाकले. अॅलेक रीव्हज नावाच्या इंग्रज अभियंत्याने, पॅरिसमध्येच काम करताना, आवाजाचे आकडे करून पाठवण्याची पद्धत शोधली आणि १९३८ मध्ये तिचे पेटंट घेतले. कारण तेच, टेलिफोनच्या तारांतली खरखर. आकड्यांत दोनच खुणा, शून्य आणि एक. पेटीच्या दोनच पट्ट्या, त्याही एकमेकींपासून लांब. वाटेत कितीही धक्के बसले तरी हे की ते, एवढेच ओळखायचे. जास्त जागा द्या आणि शांतता घ्या, हा आर्मस्ट्राँगचाच सौदा पुढे नेलेला. १९८२ मध्ये आलेल्या सीडीवर एका सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतलेले असते. आजच्या मोबाइलमधले गाणे त्याच वंशातले.

मग तरीही लॅपटॉप मोठ्या स्पीकरला जोडला की घूंऽऽ असा आवाज का येतो? कारण आकडे स्वच्छ असले, तरी शेवटी त्यांचा पुन्हा विजेच्या लहरीत अनुवाद करावा लागतो, आणि त्यापुढची वाट जुनीच आहे. तिथे घरातली वीज घुसते. चार्जर, स्वस्तातला एलईडी दिवा, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, चौकोनी लहर देणारा इन्व्हर्टर, ही आजच्या घरातली मृगाची वीज.

उपाय आर्मस्ट्राँगच्याच वाटेचा आहे. आधी ती कुठे बसली आहे ते शोधा. चार्जर काढून संच बॅटरीवर वाजवून पाहा. आवाज गेला, तर वाट सापडली. दिवा, पंखा, फ्रीज एकेक करून बंद करा. विजेच्या वायरी आणि आवाजाच्या वायरी एकत्र गुंडाळू नका. ओलांडाव्याच लागल्या, तर काटकोनात ओलांडा. संच आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवा, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांमध्ये प्रवाह फिरत राहणार नाही. सोय असेल तर प्रकाशाच्या तारेने जोडा, तीतून आकडे जातात, वीज जात नाही. आणि घराचे अर्थिंग तपासा. मीठ-कोळशाचा तो खड्डा आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतले तर जीवही सुरक्षित राहतो आणि आवाजही सुधारू शकतो. घूंऽऽ घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन मोडणारे महाभाग असतात. तसे कदापि करू नका, त्यात प्राणांशी गाठ आहे. आणि हजारो रुपयांच्या वायरीने आकडे गोड होतात, यावरही विश्वास ठेवू नका. आकडा पोचतो किंवा पोचत नाही, तो गोड होत नाही.

अल्पाइनचा तो मनोरा अजून उभा आहे. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या जुळ्या इमारती कोसळल्या, त्यांच्यावरचे प्रक्षेपक गेले, तेव्हा तिथल्या काही दूरचित्रवाणी केंद्रांनी याच मनोऱ्याचा आसरा घेतला. ज्याने तो स्वतःच्या पैशाने बांधला, त्याला जाऊन तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती.